डिस्क प्लेअर : चित्र व ध्वनीची जोडणी

पैनगंगेच्या दक्षिणेस असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी भाषिकांची जुनी वस्ती आहे. अशा घरांतील लग्नसमारंभांची जुनी चित्रणे पुष्कळदा डीव्हीडीवरच असतात. प्लेअर जोडूनही पडदा काळाच राहिला, तर डिस्क निकामी समजून टाकू नये. दोष जोडणीतही असू शकतो.

तीन पिनांच्या वायरमध्ये पिवळी पिन चित्रासाठी, पांढरी डाव्या व लाल उजव्या ध्वनीसाठी असते. या पिना प्लेअरच्या ‘आउट’मधून टीव्हीच्या ‘इन’मध्ये जोडून रिमोटवर ‘एव्ही’ निवडावे. एचडीएमआय केबलमधून चित्र व ध्वनी एकत्रच जातात.

चित्र कृष्णधवल दिसल्यास किंवा सरकत राहिल्यास सेटअपमध्ये ‘पाल’ पद्धत निवडावी. भारतातील या पद्धतीत ५७६ दृश्य रेषा व सेकंदाला २५ चौकटी असतात. पिवळी पिन वापरताना ‘प्रोग्रेसिव्ह स्कॅन’ बंद ठेवावे. एचडीएमआयवर चित्र असून आवाज नसेल, तर ध्वनी ‘बिटस्ट्रीम’ऐवजी ‘पीसीएम’वर ठेवावा.

घरी वा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमधील रंगद्रव्याचा थर काळाने खराब होतो. म्हणून चित्र दिसू लागताच संगणकावर त्याची प्रत काढावी.