बान चियांग : मडकी, माणसे आणि काळाचा वाद

थायलंडच्या ईशान्येला उदोन थानी प्रांतात बान चियांग नावाचे खेडे आहे. 'बान' म्हणजे गाव. आज तिथे राहणारे लोक फुआन समाजाचे. दोनेकशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज लाओसमधल्या शिएंग ख्वांग भागातून आले आणि इथल्या एका उंचवट्यावर वसले. चारी बाजूंना भातखाचरे आणि मध्ये पावसाळ्यातही कोरडे राहणारे टेकाड, म्हणजे घर बांधायला याहून बरी जागा नाही. हाच विचार हजारो वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी केला होता आणि त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीनेच ते टेकाड वाढत गेले होते. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या मातीला 'पांढर' म्हणतात. बान चियांगचे घर न्‌ घर अशा पांढरीवर उभे आहे. खांबासाठी खड्डा घेतला की मडके लागायचे, थोडे आणखी खणले की माणसाची हाडे.

या जागेच्या शोधाचे श्रेय बहुतेक पुस्तकांत स्टीफन यंग या अमेरिकी विद्यार्थ्याला दिलेले असते. त्याचे वडील थायलंडमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. १९६६ साली गावात फिरताना सावरीच्या जातीच्या एका झाडाच्या मुळात पाय अडकून तो पडला आणि त्याला जमिनीतून डोकावणारे मडक्यांचे गोल काठ दिसले, अशी हकिकत आहे. ती खरीच आहे. पण 'शोध' हा शब्द इथे जरा जपून वापरावा. गावकऱ्यांना ही मडकी आधीपासून ठाऊक होती. यंगमुळे झाले ते एवढेच, की बँकॉकच्या आणि अमेरिकेच्या जाणकारांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. पुढच्याच वर्षी थायलंडच्या ललित कला विभागाने पहिले उत्खनन केले. हाच विभाग तिथले पुरातत्त्वाचे काम पाहतो.

खरी खळबळ उडाली ती पुढे. काही खापरे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे तपासायला गेली. भाजलेल्या मातीतल्या खनिजकणांत काळाबरोबर ऊर्जा साठत जाते आणि पुन्हा तापवले की ती प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. या प्रकाशावरून भांडे केव्हा भाजले याचा अंदाज बांधतात. तंत्र तेव्हा नवे होते. उत्तर आले इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या सहस्रकाचे! त्याच जमिनीत कांस्याच्या वस्तूही सापडत होत्या. म्हणजे चीनच्या आधी, कदाचित पश्चिम आशियाच्या बरोबरीने, या आडगावात माणसे तांबे-कथील वितळवीत होती असा निष्कर्ष निघू लागला. आग्नेय आशिया म्हणजे भारत आणि चीन यांच्याकडून सगळे घेणारा मागास कोपरा, अशी तोवर विद्वानांची समजूत. आपल्याकडचा 'बृहत्तर भारत' हा शब्दप्रयोगही त्याच समजुतीतला. ती उलटी पडणार असे दिसताच वर्तमानपत्रांनी बान चियांगला डोक्यावर घेतले.

आणि बाजारानेही. लालसर-पिवळट अंगावर तांबड्या रंगाने काढलेली वळणे, भोवरे, अंगठ्याच्या ठशासारखी गुंतलेली वर्तुळे असलेली ही भांडी कुणालाही मोहात पाडतील अशीच आहेत. व्हिएतनाम युद्धामुळे उदोनच्या विमानतळावर तेव्हा अमेरिकी हवाई दलाचा मोठा तळ होता, म्हणजे गिऱ्हाईक दारातच. शेतकऱ्याने वर्षभर राबून जे मिळवायचे ते घराखालचा एक खड्डा देऊ लागला. लोकांनी परसात, गोठ्यात, घराच्या जोत्याखालीही खणले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्या मडक्यांवर खरा पैसा कमावला तो शहरातल्या दलालांनी. १९७२ साली थायलंडच्या राजा-राणीने गावाला भेट दिली, त्याच वर्षी खणण्यावर आणि विक्रीवर बंदीचा हुकूम निघाला. तोवर बरेच हातचे गेले होते. मागणी पुरी करायला नव्या भांड्यांवर जुनी नक्षी रंगवणे, फुटक्या खापरांतून अख्खे भांडे 'जमवणे' हेही सुरू झाले होते.

अशा चाळणी झालेल्या गावात १९७४ आणि १९७५ साली चेस्टर गोरमन आणि पिसित चारोएनवोंग्सा या जोडीने रीतसर उत्खनन केले. न खणलेली जागा मिळवणे हेच मोठे काम होते. सुमारे १४० माणसांचे अवशेष त्यांच्या हाती लागले आणि तेव्हा प्रथमच कळले, की बाजारात फिरणारी मडकी मुळात कशासाठी होती.

सर्वांत खालच्या थरांत काळपट, घोटून तुकतुकीत केलेली आणि वर रेघांची नक्षी कोरलेली भांडी आहेत. या काळात मोठ्या माणसांना कधी उताणे लांब झोपवून, तर कधी हातपाय दुमडून पुरलेले दिसते. तान्ही मुले मात्र रांजणासारख्या भांड्यात घालून पुरलेली. भांडे मुद्दाम त्यासाठी घडवायचे आणि नक्षीत कसूर करायची नाही. मधल्या काळात मडक्यांचा रंग पांढरट होतो, पोटावर धारदार कोन येतो. त्या वेळच्या काही प्रेतांवर खापरांचे अक्षरशः पांघरूण आढळले. आणून ठेवलेली भांडी अंत्यविधीतच फोडून तुकडे मृताच्या अंगावर पसरलेले. आपल्याकडे प्रेताभोवती फिरून मडके फोडतात ते कुणालाही आठवेल. पण या दोन चालींचा संबंध जोडायला काडीचाही पुरावा नाही, तेव्हा आठवण इथेच ठेवू. सर्वांत वरच्या थरांतल्या मृतांवर ती प्रसिद्ध तांबडी भांडी अख्खी ठेवलेली असतात. त्यांचा काळ साधारण इ. स. पूर्व ३०० ते इ. स. २००. म्हणजे ज्या नक्षीने बान चियांगला जगभर नेले ती या गावाच्या इतिहासातली शेवटची. तोवर तिथे लोखंड आले होते आणि काचेचे मणीही.

भांडी घडवण्याची रीत साधी आहे. चाक नाही. आतून दगडाचा वा भाजक्या मातीचा गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थोपटत भिंत पातळ करीत न्यायची. माती तडकू नये म्हणून तीत भाताचे तूस मिसळायचे. हे तूस पुढे भांडणाचे मूळ ठरले, तिकडे वळूच. या कामाला केवढा मान होता हे पाहायला मात्र बान चियांग सोडून सयामच्या आखातालगत खोक फानोम दी इथे जावे लागेल. १९८५ च्या सुमारास तिथे एका स्त्रीची कबर सापडली. अंगावर शिंपल्याचे एक लाखाच्या वर मणी आणि पायथ्याशी कुंभारकामाचा मातीचा गोळा व भांडे घोटायचे दोन खडे. प्रेतावर भांड्यांसाठी मळलेल्या मातीच्या लोळ्यांचा ढीग रचला होता. उत्खनकांनी तिला 'राजकन्या' म्हटले. मला ते नाव पटत नाही. ती कुंभारीण होती आणि तिचे वैभव त्या हातांतून आले होते, असे तिच्या शेजारच्या वस्तूच सांगतात.

बान चियांगचेही चित्र राजवाड्याचे नाही. एका पुरुषाच्या खांद्याजवळ कांस्याचे वाकसासारखे पाते, मनगटात कांस्याची कडी आणि शेजारी मातीच्या गोळ्या होत्या. उत्खनकांनी त्याला 'व्हल्कन' हे रोमन लोहारदेवाचे नाव दिले. पण असे लोक थोडे. शिवाय या सांगाड्यांवर लढाईच्या जखमा फारशा नाहीत. जगात इतरत्र कांस्याबरोबर शस्त्रे, राजे आणि तटबंदी आली असे आपण शिकलो. इथे आल्या त्या बांगड्या आणि पाती.

आता काळाचा वाद. गोरमनने थडग्यांतल्या मातीत सापडलेल्या कोळशावरून कांस्य इ. स. पूर्व ३६०० च्या आसपासचे ठरवले होते. १९८१ मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. काम जॉइस व्हाइट यांच्याकडे आले. सगळे पुन्हा तपासून त्यांनी कांस्याचा काळ इ. स. पूर्व २००० च्या आसपास खाली आणला. न्यूझीलंडचे चार्ल्स हायम यांना तेही मान्य नव्हते. त्यांचा मुद्दा कुणालाही कळण्यासारखा आहे. कबर खणताना माणूस खालचे जुने थर उपसतो आणि तीच माती प्रेतावर लोटतो. त्या मातीतला कोळसा प्रेतापेक्षा जुनाच असणार. व्हाइट यांनी भांड्यांच्या मातीतल्या तुसाचा आधार घेतला होता. पण मातीत मुळातच जुना कार्बन असू शकतो, मग वय तुसाचे निघाले की मातीचे? हायम म्हणाले, प्रेताचे वय हवे तर प्रेतालाच विचारा. थडग्यांतली माणसांची आणि त्यांच्यासोबत ठेवलेल्या जनावरांची हाडे तपासून २०१५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नवा कालक्रम मांडला. त्यानुसार पहिले भातशेतकरी इ. स. पूर्व सोळाव्या-पंधराव्या शतकात आले आणि कांस्य अकराव्या-दहाव्या शतकात. त्याआधी हायम यांनी बान नोन वाट इथे सहाशेच्या वर कबरी उघडल्या होत्या. तिथेही कांस्य साधारण त्याच वेळचे निघाले. मात्र तिथल्या काही कबरींत डझनांनी भांडी आणि बांगड्यांच्या राशी होत्या. म्हणजे समानतेचे चित्र सगळीकडे लागू पडत नाही.

व्हाइट यांनी आपले म्हणणे सोडलेले नाही. त्यांच्या मते धातूची विद्या उत्तर आशियाच्या गवताळ प्रदेशातून, चीनच्या राजधान्यांना वळसा घालून थेट इथे पोचली. हायम यांच्या मते ती चीनमधून टप्प्याटप्प्याने खाली उतरली. हा हजार वर्षांचा फरक म्हणजे नुसते आकड्यांचे भांडण नव्हे. ही विद्या कुणाकडून आणि कुठल्या वाटेने आली, याचे उत्तर त्यावर ठरते. माझा कल हाडांच्या बाजूला आहे. बान नोन वाटशी तो कालक्रम जुळतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

या नव्या कालक्रमाने महाराष्ट्रातल्या वाचकाला एक जवळची तारीख दिली आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला पहिले शेतकरी आले तेही इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे केलेल्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली मुलांची दफने मिळाली, दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून आत बाळ ठेवलेले. मोठ्यांना पुरताना त्यांचे पाय घोट्यापाशी तोडलेले असत. बान चियांगमध्ये हे पाय तोडणे नाही आणि इनामगावात खापरांचे पांघरूण नाही. दोन्ही गावांना एकमेकांची खबर असण्याचे कारणही नव्हते. तरी मूल गेले की त्याला मडक्यात ठेवायचे, हे दोघांनाही सुचले होते.

१९९२ साली युनेस्कोने बान चियांगला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. गावातल्या वाट फो सी नाय या बौद्ध मठाच्या आवारात उत्खननाचा एक खड्डा तसाच राखलेला आहे. तिथे मडकी जिथल्या तिथे दिसतात. बाहेर गेलेली मात्र अजून परतत आहेत. २००८ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारच्या तपास अधिकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या काही संग्रहालयांवर छापे घातले, त्यात बान चियांगच्या वस्तूही होत्या. त्यांपैकी एका संग्रहालयाने २०१४ साली पाचशेहून अधिक वस्तू थायलंडला परत दिल्या. घाटावरून आणि नक्षीवरून त्यांतले भांडे कुठल्या काळातले हे जाणकार सांगू शकतात. ते कुणाच्या अंगावर ठेवले होते, शेजारी कांस्य होते की लोखंड, आत मूल होते का, हे आता त्यांनाही सांगता येणार नाही, आणि वय विचारायला सोबतची हाडेही नाहीत. ती खणणाऱ्याने खड्ड्याच्या कडेला टाकून दिली होती.