सिन्नर : यादवांची जुनी राजधानी

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेल्या अयुथ्या या थायलंडच्या प्राचीन राजधानीतील मंदिरांचे अवशेष पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक जातात. पुणेकरांना अशी एक राजधानी नाशिकच्या वाटेवरच आहे.

पुणे-नाशिक महामार्गावर, नाशिकच्या अलीकडे सुमारे ३० किलोमीटरवरील सिन्नर हे यादवांचे आरंभीचे राजधानीचे नगर. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी नेली आणि सिन्नरचे राजवैभव ओसरले. राजवाडे गेले, देवालये राहिली.

त्यांतील गोंदेश्वर हे पंचायतन होय. उंच जोत्यावर मध्यभागी शिवमंदिर असून, भोवती पार्वती, गणेश, सूर्य व विष्णू यांची लहान मंदिरे आहेत. शिखर भूमिज शैलीचे आहे. त्यावर चारही बाजूंनी कळसाकडे चढत जाणारे नक्षीदार पट्टे आणि त्यांच्यामध्ये इवल्या शिखरांच्या ओळी दिसतात.

गोंदेश्वर पाहून बहुतेक जण परततात. मात्र याच गावातील ऐश्वर्येश्वर मंदिरही पाहावे. त्याचे शिखर ढासळले असले, तरी मकरतोरणावरील कोरीवकाम अद्याप शाबूत आहे. ऊनपावसाने दगड झिजत चालला आहे. म्हणून शिल्पांना हात न लावता ती डोळे भरून पाहावीत.