वस्तऱ्याची रुंदी, पात्याची घडण आणि एक ठराव

मागचं व्याख्यान संपल्यावर एका तरुणानं मला जिन्यातच गाठलं. म्हणाला, "सर, जुन्या पद्धतीचा वस्तरा घ्यायचा म्हणतोय. ५/८ घेऊ की ६/८? आणि हॉलो घेऊ की वेज?" ज्याची सगळी नोकरी कांट आणि शंकराचार्य शिकवण्यात गेली, त्याला हा प्रश्न! मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. घरी आलो आणि लक्षात आलं, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला सातव्या वर्षीच मिळालं होतं. तिथे येऊच. आधी वस्तरा समजून घेऊ.

पात्याची रुंदी म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर. ते इंचाच्या अष्टमांशात मोजायची रीत आहे. ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. ४/८ चं पातं अरुंद. नाकाखाली, मिशीच्या कडेला छान वळतं, पण फेस चटकन भरून येतो आणि सारखं पुसावं लागतं. ७/८ चं पातं फेस भरपूर धरतं, वजनदार असतं, पण नाकाखाली अडचण होते. म्हणून बहुतेकांची निवड ५/८ किंवा ६/८ वर येऊन थांबते.

आता पाठ जाड का असते, ते बघा. निसण्यावर पातं आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन किती, हे कारागिरानं पाठीच्या जाडीत आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पाठ रुंदीच्या पाव हिश्शाहून किंचित जास्त जाड असेल, तर कोन पंधरा-सोळा अंशांच्या आसपास येतो. गंमत म्हणजे धार झिजते तशी पाठही दगडावर झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं घासूनही कोन फारसा बदलत नाही. मोजायला कोनमापक नको, वस्तराच कोनमापक. मला हे फार आवडतं.

मग घडण. पातं पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत गेलं, पाचरीसारखं, तर ते वेज. दोन्ही बाजू लहान व्यासाच्या चाकावर घासून आत कोरून काढल्या, तर हॉलो. चाक जितकं लहान, तितका खोलगटपणा जास्त. फुल हॉलोचं पातं धारेकडे इतकं पातळ असतं की केस कापताना ते आवाज करतं. ऐकणाऱ्याला कळतं, कुठे दाढी राठ आहे, कुठे कोन चुकला. वेज मुकं असतं. पण ते जड असतं, वाकत नाही, दाट केसांपुढे डगमगत नाही. घासायला मात्र त्रासदायक, कारण त्याची सगळी बाजू दगडाला टेकते. हॉलोची फक्त पाठ आणि धार. मधला मार्ग हाफ हॉलोचा. नवशिक्यानं तोच घ्यावा, गोल टोकाचा.

हा फरक इतिहासातही दिसतो. शेफिल्डचे जुने वस्तरे पाचरीच्या जवळचे. एकोणिसाव्या शतकात झोलिंगेनच्या जर्मन कारागिरांनी खोल कोरलेलं पातं गाजवलं. आणि एक उपकथा सांगतो. मुंबईहून हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरनं आपल्याकडच्या वुट्झ पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले. त्यावरचा पिअरसनचा निबंध १७९५ चा. पुढे जेम्स स्टोडार्ट हा सुऱ्या-कात्र्यांचा कारागीर त्या पोलादानं झपाटला, आणि त्याच्याबरोबर मायकेल फॅरेडेनं पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. विजेवाला फॅरेडे, तोच! त्यानं आपल्या पोलादाचे वस्तरे करून मित्रांना भेट दिले होते.

आपल्या न्हाव्याच्या धोकटीत मात्र चेहऱ्यापेक्षा डोक्याचं काम मोठं होतं. शेंडी ठेवून घेरा काढायचा, म्हणजे दर काही दिवसांनी डोईचा बराच भाग साफ करायचा. कवटी टणक, वळणं मोठी. तिथे जड पातं शोभतं. सेना महाराजांनी आपल्या धंद्यावरून अभंग केला, त्यात आरसा आहे, चिमटा आहे, डोई घोळायचं पाणी आहे, नखंसुद्धा आहेत. वस्तऱ्याचं नाव नाही. का नसावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

आता आमचं परसदार. साल १९५६-५७. माझ्या आजीची धाकटी बहीण, माई, आमच्याकडे असायची. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. आलवण नेसायची. महिन्यातून दोनदा न्हावी मागच्या दारानं यायचे. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. पुढच्या ओटीवर वडिलांची दाढी ज्या वस्तऱ्यानं होई, तो ते मागे वापरत नसत. रुंद, जाड, काळपट पात्याचा दुसराच काढायचे. मी विचारलं, हा का? म्हणाले, "बाळ, तो गालांचा. डोईवर तो वाकतो, मग लागतं. हा आपल्या वजनानं चालतो, दाबावं लागत नाही." आधी बराच वेळ पाणी चोळायचे. माई भिंतीकडे तोंड करून बसलेली. दोघं एक शब्द बोलत नसत.

म्हणजे रुंदी आणि घडण यांचं संपूर्ण शास्त्र त्या माणसाला येत होतं, आणि ते त्यानं माईला कमीत कमी दुखावं म्हणून वापरलं. केस काढायचे की नाही, हे ठरवणं मात्र त्याच्या हातात नव्हतं. की होतं?

१८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून ठराव केला की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. त्यामागे 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे होते, प्रेरणा सत्यशोधकांची. आगरकर 'सुधारका'त या चालीवर लिहीत होतेच. पण लिहिणारे हात वेगळे आणि वस्तरा धरणारे वेगळे. ज्यांच्या हाताशिवाय ही चाल चालूच शकत नव्हती, त्यांनीच हात आखडला.

मग आमच्या परसदारी पासष्टहून अधिक वर्षांनी दादा का येत होते? मला वाटतं, उत्तर पैशात आहे. मुंबईचा न्हावी रोख घेई. एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं. आमचे दादा बलुतेदार. वर्षाचं धान्य त्याच घरांतून यायचं. मागचं दार नाकारलं की पुढचंही बंद. ठराव करायलाही पायाखाली थोडी जमीन लागते.

आपण बसलो आहोत ते कर्वेनगर, म्हणजे जुनं हिंगणं. १८९६ मध्ये स्थापलेला अनाथ बालिकाश्रम अण्णा कर्व्यांनी १९०० मध्ये इथे आणला, एका झोपडीत. त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे बाया कर्व्यांशी पुनर्विवाह केला. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. त्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमवत, आणि कित्येक वर्षं डोकं केशवपन केलेलंच होतं. नंतर त्यांनी विचार करून केस राखले. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्याबद्दल लिहिलं आहे. म्हणजे या आवारातसुद्धा ती गोष्ट एका दिवसात सुटली नाही. माई कधी हिंगण्याला आली नाही. ती १९६३ मध्ये गेली.

आज सलूनमध्ये ब्लेड मोडून अर्धं पातं बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं घेतात. आरोग्याच्या दृष्टीनं ते योग्यच. पण रुंदी, घडण, निसणा, सगळी निवड त्यात संपली.

तर त्या तरुणानं ५/८, हाफ हॉलो, गोल टोकाचा घ्यावा. टक्कल करणार असेल तर ६/८, जड पाठीचा. दादांनी धंदा सोडताना वडिलांना दिलेला तो गालांचा वस्तरा मी आणला आहे, तो या टेबलावर आहे. दुसऱ्याचं काय झालं, ठाऊक नाही. या, हातात घेऊन बघा. धार मात्र बोटानं तपासू नका, काल रात्रीच पट्ट्यावर ओढली आहे.