पिवळे फुलपाखरू आणि वऱ्हाडचा धुरा : एक ऐतिहासिक टिपण

वऱ्हाडचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने कापसाच्या आधारे लिहिला गेला आहे. १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) येथील कापसाला भाव चढला आणि १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचला. या इतिहासात शेताला स्थान आहे, धुऱ्याला मात्र नाही. प्रस्तुत टिपणात धुऱ्यावर आढळणाऱ्या युरेमा हेकाबे या सामान्य पिवळ्या फुलपाखराच्या निमित्ताने या उणिवेचा विचार केला आहे.

लिनिअसने १७५८ मध्ये या जातीला ट्रॉयच्या राणीचे नाव दिले. आपल्याकडे तिचे जीवन तरोट्याशी बांधलेले आहे. पावसाळ्याच्या आरंभी ज्या कोवळ्या पानांची भाजी आपण आवडीने खातो, त्यांवरच मादी एकेक पांढरे, दोन्ही टोकांना निमुळते अंडे घालते. सुमारे तीन दिवसांत हिरवी अळी बाहेर येते, पाने खाऊन वाढते आणि रेशमी धाग्याने स्वतःला बांधून घेऊन कोषात जाते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास तीन-चार आठवड्यांचा असतो. हिवाळ्यात तरोटा वाळतो, तेव्हा शिरीषासारखे वृक्ष उपयोगी पडतात. पावसाळी पिढीच्या पंखांची काळी किनार रुंद असते, तर कोरड्या ऋतूतील पिढीच्या पंखांखाली तपकिरी डाग अधिक ठळक असतात. या फरकामुळे पूर्वीच्या अभ्यासकांनी एकाच जातीला अनेक नावे दिली होती.

नोंदींचा इतिहासही लक्षणीय आहे. बिंगहॅम यांच्या ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतील फुलपाखरांचे खंड १९०५ व १९०७ मध्ये निघाले. डी'अब्रू यांची मध्य प्रांताच्या फुलपाखरांची यादी नागपूर संग्रहालयाने १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर संपूर्ण विदर्भाची १६७ जातींची यादी टिपले यांनी २०११ मध्ये दिली, म्हणजे मध्ये ऐंशी वर्षे गेली. मेळघाटाला १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचे संरक्षण लाभले, हे योग्यच झाले. पण हे फुलपाखरू केवळ जंगलाचे नाही. ते रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत आणि गावाच्या उकिरड्याजवळही जमिनीलगत उडताना दिसते. दुर्मीळ तेवढेच नोंदवावे, ही आपली जुनी सवय आहे. इतिहासाचे अभ्यासकही तिला अपवाद नाहीत.

१९९० नंतर सोयाबीनचा पेरा वाढला, तणनाशकांचा वापर रूढ झाला आणि धुरे अरुंद होत गेले. या बदलाचा फुलपाखरांवर काय परिणाम झाला, हे सांगावयाचे तर तरोट्याच्या जागांचा जुना हिशेब हवा. तो शोधण्याचे एक साधन आपल्या हाती आहे. शेतातील लागवडीस अयोग्य तुकड्याला महसुली दप्तर पोटखराबा म्हणते आणि सातबाऱ्यावर त्याचे क्षेत्र वेगळे लिहिलेले असते. तरोटा उगवतो तो बहुधा अशाच तुकड्यांत.