कायद्याचें कलम आणि यंत्राचा तर्क

संगणकाकडून काम करून घ्यावयाचें म्हणजे त्यास पायरीपायरीनें आज्ञा द्यावयाच्या, ही रूढ रीत होय. परंतु काय खरें आहे एवढेंच सांगावें आणि निष्कर्ष यंत्रानें काढावा, असें कां होऊं नये? या प्रश्नांतून तर्काधिष्ठित प्रोग्रॅमिंगचा उगम झाला.

१९६५ सालीं जॉन ॲलन रॉबिन्सन यांनीं यंत्रास चालवितां येईल असा अनुमानाचा एक नियम मांडला. त्याच मार्गानें पुढें जाऊन १९७२ च्या सुमारास मार्सेलिस येथें अलँ कोलमेरोर व फिलिप रूसेल यांनीं ‘प्रोलॉग’ ही भाषा घडविली. एडिंबरो येथील रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या विचारांचा तिला आधार होता. ‘ब आणि क खरें असल्यास अ खरें’ अशा वाक्यांची ही भाषा. अ सिद्ध करण्यासाठीं यंत्र आधीं ब, मग क सिद्ध करूं पाहतें. वाट खुंटली कीं मागें फिरून दुसरी धरतें.

या कल्पनेची एक मोठी कसोटी लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत लागली. ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्वाचा कायदा १ जानेवारी १९८३ रोजीं अंमलांत आला होता. मारेक सर्गोट, कोवाल्स्की आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याचा मोठा भाग प्रोलॉगच्या वाक्यांत उतरविला व १९८६ सालीं तो प्रयत्न प्रसिद्ध केला. कायदा लागू झाल्यावर ब्रिटनमध्यें मूल जन्मलें, आणि जन्मसमयीं आई किंवा बाप ब्रिटिश नागरिक अथवा तेथें स्थायिक असला, तर तें मूल नागरिक ठरतें. हें पहिलें कलम जवळजवळ जसेंच्या तसें प्रोग्रॅम झालें. उत्तराबरोबर यंत्र त्याचीं कारणेंही सांगूं लागलें.

अडचण पुढल्याच पोटकलमांत आली. टाकून दिलेलें नवजात अर्भक ब्रिटनमध्यें सांपडल्यास, विरुद्ध गोष्ट दाखविली न गेल्यास, वरील अटी पूर्ण झाल्या असें धरावें, असें तें सांगतें. प्रोलॉगमध्यें जें सिद्ध होत नाहीं तें खोटें मानलें जातें. या गृहीताचा तार्किक अर्थ कीथ क्लार्क यांनीं १९७८ सालीं विशद केला होता. परंतु अर्भकाच्या आईबापांविषयीं आज नसलेली माहिती उद्यां हातीं आली, तर आजचा निष्कर्ष मागें घ्यावा लागेल.

ज्याचें नागरिकत्व पणास लागलें आहे, त्याच्या दृष्टीनें ‘सिद्ध झालें नाहीं’ आणि ‘खरें नाहीं’ यांतील अंतर फार मोठें असतें. कोणत्या कलमांत तें कसें राखावें, हें कायदा लिहिणाऱ्यासच ठरवावें लागतें. यंत्र दिलेल्या वाक्यांपलीकडे जात नाहीं.