दातातली फट आणि रंग लावलेलं लोखंड



मागच्या वर्षी मी समोरच्या दोन दातांमधली फट बुजवून घेतली. डॉक्टरांनी दातांवर निळं जेल लावलं, काही सेकंदांत धुतलं, मग दाताच्या रंगाचं रेझिन बसवून त्यावर निळा दिवा धरला. तासाभरात काम झालं. जेलमध्ये काय होतं? फॉस्फोरिक ॲसिड! रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला पुढचा प्रश्न पडणारच: दाताला ॲसिड लावायचं सुचलं कोणाला?

आधी काय पर्याय होते ते बघू. एक, तारा लावून दात सरकवायचे. एडवर्ड अँगल यांनी या शास्त्राचा पाया घातला. दोन, चांगला दात घासून त्यावर कॅप बसवायची. तीन, चार्ल्स पिंकस हॉलिवूडच्या नटांच्या दातांवर पातळ मुलामे बसवत, पण ते तात्पुरते. शूटिंग संपलं की काढायचे. मूळ अडचण एकच होती. तोंड कायम ओलं, वर चावण्याचा दाब. काहीही चिकटवा, ते टिकत नसे.

1955 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी एक छोटासा पेपर छापला. कारखान्यांत धातूला रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिडची प्रक्रिया करतात, हे त्यांना माहीत होतं. तेच त्यांनी एनॅमलवर करून पाहिलं: 85 टक्के ॲसिड, 30 सेकंद. मग माणसांच्या समोरच्या दातांवर ॲक्रिलिकचे थेंब लावले. ॲसिड न लावलेल्या दातांवरचे थेंब लवकर सुटले, लावलेल्यांवरचे कितीतरी जास्त काळ टिकले.

लगेच क्रांती झाली का? नाही. तेव्हाचं ॲक्रिलिक आकसायचं. 1962 मध्ये राफेल बोवेन यांच्या नव्या रेझिनचं पेटंट झालं, तेव्हा योग्य पदार्थ हाती आला. रेझिन एनॅमलच्या सूक्ष्म खाचांत शिरून घट्ट बसतं, हे 1968 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे परिणाम आधी दिसला, कारण 13 वर्षांनी नीट कळलं!

आता यातून आपण काय घ्यायचं?

पहिलं, शेजारच्या विषयाचं वाचा. उत्तर दंतशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं, रंगकामात होतं.

दुसरं, तुलनेसाठी कंट्रोल ठेवा. 'टिकलं' याला अर्थ नाही. 'कशापेक्षा जास्त टिकलं' याला आहे.

तिसरं, आणि हे मला उशिरा कळलं: पद्धत हाती आली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. लहान मुलांमधली फट बऱ्याचदा सुळे आल्यावर आपोआप मिटते. कधी ओठाला जोडणारा पडदा जाड असतो, कधी जिभेची ढकलण्याची सवय असते. मोठ्या माणसाच्या दातांत नव्यानं फट पडली, तर हिरड्यांचा आजार आधी तपासावा लागतो. तिथे नुसतं रेझिन लावणं म्हणजे भिंतीची ओल तशीच ठेवून वरून रंग देणं. तारांनी मिटवलेली फटही रिटेनर वापरला नाही तर परत उघडू शकते.

मीसुद्धा पीएचडीच्या पहिल्या वर्षी हेच केलं. उपकरण हाताशी होतं म्हणून प्रश्न निवडला. आठ महिने गेले, मग सिनॉप्सिस नव्यानं लिहावं लागलं.

तुम्ही लिहायला बसाल तेव्हा आधी दोन ओळी कागदावर उतरवा: माझ्या प्रश्नाचं मूळ कारण काय? आणि माझ्या विषयाबाहेरचं 'रंग लावलेलं लोखंड' कुठलं? दुसरी ओळ रिकामी राहिली तरी चालेल. पहिली मात्र रिकामी ठेवू नका.