झोब्रिस्ट, बेन
झोब्रिस्ट, बेन : (२६ मे १९८१ – ). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू. जन्म इलिनॉय राज्यातील यूरेका गावी. मूळचा शॉर्टस्टॉप, पुढे मुख्यतः सेकंड बेसवर आणि आउटफील्डमध्ये खेळला. फलंदाजी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी.

२००४ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने त्याला निवडले. २००६ मध्ये तो टँपा बे संघाकडे आला आणि त्याच वर्षी मेजर लीगमध्ये उतरला. कुठेही खेळू शकणारा भिडू म्हणजे बाकावरचा राखीव गडी, असा समज तेव्हा रूढ होता. व्यवस्थापक जो मॅडन यांनी मात्र त्याला जागा बदलत नियमित खेळवले. २००९ च्या हंगामात पिचर व कॅचर वगळता सातही जागांवर खेळून त्याने २७ होमरन ठोकले. असा खेळाडू हाती असला की संघरचनेची निम्मी डोकेदुखी सरते.

२०१५ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सबरोबर त्याने वर्ल्ड सीरिज जिंकली. पुढच्याच वर्षी, शिकागो कब्जकडून क्लीव्हलँडविरुद्धच्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात, पावसाच्या छोट्या व्यत्ययानंतर दहाव्या डावात त्याने मारलेल्या डबलने कब्जला आघाडी मिळाली. हा सामना जिंकून कब्जचा विजेतेपदाचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपला. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. २०१९ चा हंगाम अखेरचा.